आठ की सोळा?

१३ मे २०२५. दहावीचा निकाल. दुपारी एक वाजता आमच्या चिरंजीवांनी मोबाईलवर आकडा दाखवला आणि घरात जो काही आनंदीआनंद झाला त्याचं वर्णन करत बसत नाही. पुढच्या आठ दिवसांत पाकिटं जमू लागली. आजीचं, मामाचं, मुलुंडच्या मावशीचं, दोन्ही काकांचं. आधीच्या भाऊबीजा-वाढदिवसांची शिल्लक धरून मोजले, तर बरोबर अठरा हजार रुपये भरले!

आता ज्यांनी ही पाकिटं दिली त्यातले बरेच जण हे पान वाचतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. "काय घेतलं मग त्या पैशांचं?" असं फोनवर विचारून झालंय आणि "कॉम्प्युटरचा एक पार्ट" असं मोघम उत्तर देऊन मीही वेळ मारून नेलीय. तर मंडळी, आज हा हिशेब. जरा तांत्रिक आहे, पण शेवटपर्यंत वाचा. यात फक्त पार्टची गोष्ट नाही.

तो पार्ट म्हणजे ग्राफिक्स कार्ड. गेम खेळताना पडद्यावर जे चित्र दिसतं, ते सेकंदाला पन्नास-साठ-शंभर वेळा नव्याने काढणारं यंत्र. आमच्या घरचा कॉम्प्युटर २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला. रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर, बी४५० जातीचा मदरबोर्ड आणि जीटीएक्स १६५० सुपर हे चार जीबीचं कार्ड. पाच वर्षं त्याने मुकाट्याने काम केलं. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक असले गेम ते अजूनही छान चालवतं. पण 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' (डिसेंबर २०२४) किंवा 'डूम: द डार्क एजेस' (मे २०२५) असले नवे गेम त्याच्या आवाक्याबाहेरचे. कारण त्यांना प्रकाशाच्या किरणांचं गणित करणारी, म्हणजे रे ट्रेसिंगची, वेगळी सोय कार्डातच लागते. ती या जुन्या कार्डात नाही. कमी सेटिंगवर रडतखडत चालेल, असाही प्रकार नाही. सोय नाही, तर खेळ नाही.

तेव्हा नवं कार्ड घ्यायचं ठरलं. अठरा हजार त्याचे, वरचे माझे, असा शब्द मी निकालाआधीच देऊन बसलो होतो. शब्द दिला तो जानेवारीत. मार्चमध्ये रस्त्यापलीकडच्या काचेच्या इमारतीतली आमची अख्खी टीम कंपनीने 'कमी' केली आणि मी घरी बसलो. बायकोचा पगार चालू होता, त्यामुळे चूल पेटत होती. पण 'वरचे माझे' या तीन शब्दांचं वजन एकदम वाढलं.

असो. त्याकडे मग येतो. आधी जरा मागे जाऊ.

२००८ चा जुलै. लग्नाला वर्ष झालेलं. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, आणि मग चालत लॅमिंग्टन रोड. त्या काळी आमच्यासारख्यांचं हे पंढरपूर. (रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते दुकानाच्या बिलावरच वाचायचं.) मी तिथून एचडी ४८५० नावाचं कार्ड आणलं, साडेअकरा हजार रुपये मोजून. घरात सोफा नव्हता. बायकोने फक्त एवढंच विचारलं, "यावर बसता येतं का?" हा प्रश्न गेली सतरा वर्षं अधूनमधून, योग्य वेळ साधून, पुन्हा विचारला जातो. :-)

पण त्या महिन्यात काय घडलं होतं ते सांगायलाच हवं, कारण माझं आजचं मत तिथूनच आलंय. ग्राफिक्स कार्डांच्या बाजारात दोनच पहिलवान: एनव्हिडिया (हिरवे) आणि एटीआय, ज्यांना २००६ साली एएमडीने विकत घेतलं (लाल). जून २००८ मध्ये हिरव्यांनी आपलं सर्वांत तगडं कार्ड, जीटीएक्स २८०, काढलं ६४९ डॉलरला. त्याच्या खालचं जीटीएक्स २६० होतं ३९९ ला. पाठोपाठ दहाएक दिवसांत लालवाल्यांनी एचडी ४८७० आणलं २९९ डॉलरला आणि माझं ४८५० आणलं १९९ ला. कामात फार मागे नाही आणि किंमत एवढी कमी! हिरव्यांची पळापळ झाली. काही आठवड्यांतच ६४९ चं कार्ड ४९९ वर आणि ३९९ चं २९९ वर आलं. माल तोच, खोकं तेच. बदललं एवढंच की समोर कुणीतरी उभं होतं. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. आणि तिसरे आम्ही, लॅमिंग्टन रोडवर घाम पुसत उभे असलेले.

तेव्हापासून मी ना हिरवा ना लाल. आमचे मित्र या रंगांवरून मुंबई-पुण्यासारखे भांडायचे. मला ते कधी जमलं नाही. कंपनी काही आपली आत्या नव्हे. जो कमी पैशांत जास्त देईल तो आपला.

आता २०२५ चा जून. चिरंजीवांनी आणि मी टेबलावर वही उघडली. मी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, "आपला मॉनिटर कितीचा?" तो म्हणाला, "चोवीस इंच." मी म्हटलं, "तसं नव्हे, सेकंदाला किती चित्रं दाखवतो?" बघितलं, तर ७५. आणि बारकावा १०८०पी.

कार्डांची तुलना करणारे सगळे तक्ते हा प्रश्न सोडून सुरू होतात. हे कार्ड सेकंदाला ११० चित्रं काढतं, ते १३० काढतं, म्हणून ते सरस! अरे पण ज्या पडद्यावर सेकंदाला ७५ च दिसणार, त्याच्यासाठी १३० काढणं म्हणजे चार माणसांच्या घरात रोज चाळीस पोळ्या लाटणं. उरलेल्या पोळ्यांसाठी वीज जळणार, खोली तापणार, पंखा बोंबलणार. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, तसं पडदा पाहून कार्ड घ्यावं. ज्याचा मॉनिटर १४४ किंवा १६५ वाला आहे, किंवा ज्याला १४४०पी वर खेळायचंय, त्याचं गणित वेगळं. आमचं हे असं.

मग उमेदवार. डॉलर ८५ रुपयांचा धरला आणि वर १८ टक्के जीएसटी लावला, की अमेरिकेतल्या किमतीवरून इथला अंदाज येतो. दुकानात त्याहून हजार-दोन हजार इकडेतिकडे. त्याने वहीत लिहिलं ते असं. इंटेलचं आर्क बी५८०, १२ जीबी, २४९ डॉलर, म्हणजे साधारण २५ हजार. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६०, ८ जीबी, २९९ डॉलर, म्हणजे ३० हजार. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, ८ जीबी, तेही २९९ डॉलर, तेही ३० हजार. तेच ९०६० एक्सटी १६ जीबीत, ३४९ डॉलर, म्हणजे ३५ हजार. आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबी, ४२९ डॉलर, म्हणजे ४३ हजार.

सगळ्यांत स्वस्त ते इंटेलचं. नव्या कॉम्प्युटरमध्ये झकास चालतं. पण जुन्या प्रोसेसरसोबत ते बरंच मागे पडतं हे डिसेंबर २०२४ मध्ये ते बाजारात आल्यावर लगेच लक्षात आलं होतं, आणि आमचा ३६०० तर नेमका त्याच वयोगटातला. म्हणजे पहिला उमेदवार आमच्यापुरता बाद. सगळ्यांत महाग ते ५०६० टीआय. ते १६ जीबीवाल्या ९०६० एक्सटीपेक्षा बहुतेक गेममध्ये साधारण पाच-सात टक्के पुढे, जड रे ट्रेसिंगमध्ये आणखी थोडं. पण त्यासाठी आठ हजार जादा. ७५ च्या पडद्यावर ते पाच-सात टक्के दिसणारसुद्धा नाहीत. तोही बाद. (ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांनी मात्र हिरवंच घ्यावं. तिथे आजही त्यांचा हात धरणारं कुणी नाही.)

राहिले आठवाले दोन आणि सोळावालं एक. खरी लढाई इथे.

ही मेमरी म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओटा. भिंतींचे, चेहऱ्यांचे, झाडापानांचे सगळे नमुने या ओट्यावर मांडून ठेवले की हाताशी पटकन मिळतात. ओटा भरला, की उरलेलं सामान कॉम्प्युटरच्या मुख्य मेमरीतून आणायचं. ते येतं मदरबोर्डावरच्या एका पुलावरून. आरटीएक्स ५०६० ला या पुलाच्या आठच मार्गिका वापरता येतात, ९०६० एक्सटीला सोळा. आणि आमचा बोर्ड जुना, पुलाच्या तिसऱ्या पिढीचा. कार्डं आहेत पाचव्या पिढीची. पिढीगणिक वेग दुप्पट होतो, त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक मार्गिका चौपट संथ. ज्यांनी संध्याकाळी सात वाजता ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडकडे यायचा प्रयत्न केलाय, त्यांना पुढचं सांगायला नको. आठ जीबीचं कार्ड सरासरी छान दाखवतं, आणि मधेच ओटा भरला की चित्र अडखळतं. तक्त्यात सरासरी छापतात. अडखळणं खेळणाऱ्याला जाणवतं.

आणि हे 'आठ' आहे तरी कधीचं? २०१६ साली एएमडीने आरएक्स ४८० हे आठ जीबीचं कार्ड २३९ डॉलरला विकलं होतं. नऊ वर्षं झाली. गेम कुठल्या कुठे गेले, आणि तीनशे डॉलरच्या नव्या कार्डावर अजून आठच! माझा यात दोन्ही रंगांवर राग आहे. ९०६० एक्सटी या एकाच नावाने आठ आणि सोळा अशी दोन कार्डं विकायची, ५०६० टीआय या एकाच नावानेही तेच. गिऱ्हाईक नाव वाचतं, आकडा बारीक अक्षरात. साखरेच्या डब्यावर 'साखर' लिहून अर्धा डबा भरावा, तसला प्रकार. घेणाऱ्याने खोक्यावरचा १६ हा आकडा बोट ठेवून वाचावा.

दुसरी फसगत 'वाढीव' चित्रांची. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी लास वेगासच्या मंचावरून सांगितलं, की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे जुन्या १५९९ डॉलरच्या ४०९० इतकं काम करतं. कसं? तर कार्ड एक चित्र खरोखर काढतं, आणि एआय त्याच्यापुढे तीनपर्यंत चित्रं अंदाजाने भरतं. डोळ्यांना हालचाल गुळगुळीत दिसते, हे खरं. ती करामत भारी आहे, हेही खरं. पण तुम्ही बटण दाबल्यावर खेळ किती पटकन ऐकतो, ते ठरतं खऱ्या चित्रांवर. मुळात वीसच खरी चित्रं असतील, तर वरची साठ म्हणजे पाण्यात वाढवलेली आमटी. पातेलं भरलेलं दिसतं, डाळ तेवढीच.

विजेचंही बघितलं, कारण बिल आता मी जरा जास्तच लक्षपूर्वक वाचतो. ५०६० ला १४५ वॅट, सोळावाल्या ९०६० एक्सटीला १६०. फरक १५ वॅटचा. रोज तीन तास खेळला, युनिटला दहा रुपये धरले, तर महिन्याला तेरा-चौदा रुपये. एका वडापावचेही नाहीत. त्यावरून भांडणारे भांडोत.

म्हणजे उत्तर सरळ होतं: सोळावालं ९०६० एक्सटी. आमच्या पडद्याला पुरून उरणारं, आमच्या जुन्या पुलाला झेपणारं, चार-पाच वर्षं टिकणारं. मी खूश होऊन म्हटलं, "ठरलं!" तर चिरंजीव म्हणाले, "मला ५०६० च बरं वाटतंय. आठ जीबी पुरेल की."

मी जरा वैतागलोच. तासभर काय शिकवलं याला? मित्रांकडे हिरवं आहे म्हणून याला हिरवं हवं असणार, असं मनात धरून मी दहा मिनिटांचं व्याख्यानही झोडलं. तो ऐकून घेऊन क्लासला गेला.

वही टेबलावरच होती. मी ती पुन्हा उघडली, आणि मागचं पान बघितलं. तिथे त्याने तोच तक्ता स्वच्छ अक्षरात पुन्हा काढला होता. कार्ड, मेमरी, किंमत, वॅट. आणि शेवटी एक रकाना जास्तीचा. त्याचं शीर्षक होतं 'बाबा'. किमतीतून अठरा हजार वजा करून उरलेला आकडा. इंटेलपुढे ७ हजार, आठवाल्यांपुढे १२, सोळावाल्यापुढे १७, सगळ्यांत महागापुढे २५. इंटेलच्या ओळीत 'आपल्या प्रोसेसरवर नीट चालत नाही' असं लिहून फुली मारली होती. सोळावाल्यापुढे 'बेस्ट' लिहिलं होतं. आणि बरोबरची खूण होती १२ वर.

म्हणजे याला सगळं कळलं होतं. ओटा, पूल, सगळं. माझ्याही आधी.

कार्डांची तुलना करणारे शेकडो लेख मी आजवर वाचलेत. 'एका चित्रामागे किती रुपये' असा रकाना त्यांत हमखास असतो. हा रकाना मी पहिल्यांदाच बघितला.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी म्हटलं, "तूच बेस्ट लिहिलंयस, मग आठ का?"

तो बूट काढत म्हणाला, "तुझं ठरेपर्यंत पुरेल रे बाबा."

"आणि नाही पुरलं तर? दोन वर्षांनी पुन्हा तीस हजार?"

तो काही बोलला नाही. मीही नाही. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "जुनं कार्ड विका की! आणि त्यावर बसता येतं का ते घेणाऱ्याला आधी सांगा." तिघंही हसलो आणि प्रश्न सुटला.

जुनं १६५० सुपर आमच्याच बिल्डिंगमधल्या एका मुलाने पाच हजाराला घेतलं. सोळावालं कार्ड दुकानात ३७ हजारांना मिळालं. अठरा पाकिटांचे, पाच जुन्याचे, चौदा माझे. त्याने खूण केलेल्या आकड्यापेक्षा फक्त दोन हजार जास्त. मॉनिटर तोच ठेवला आणि सेटिंगमध्ये ७५ ची मर्यादा घातली. पंखा बोंबलत नाही, खोली भट्टी होत नाही. इंडियाना जोन्स चाबूक फिरवतो, आणि मी मागे उभा राहून बघतो. हा झाला पाकिटांचा हिशेब.

आता माझं मत, ज्यासाठी हे पान.

२००८ साली सहा आठवड्यांत जे दर कोसळले, तसं आता होत नाही. का? आमच्या गच्चीवरून बघितलं तर उत्तर दिसतं. ऐरोली-रबाळे-महापे या पट्ट्यात खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्यात. डेटा सेंटरं. असल्या इमारती, इथल्या आणि जगभरातल्या, हेच आता चिप बनवणाऱ्यांचं लाडकं गिऱ्हाईक. एनव्हिडियाची जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षातली उलाढाल १३०.५ अब्ज डॉलर. त्यातले ११५.२ अब्ज डेटा सेंटरचे, आणि गेमवाल्यांचे ११.४. दहा रुपयांत आमचे ८७ पैसे. सुट्ट्या विकल्या जाणाऱ्या कार्डांत २०२५ साली दहातली नऊपेक्षा जास्त त्यांचीच होती. समोरचा पहिलवान अंग चोरून उभा, आणि ज्याच्यासाठी कुस्ती लावायची त्या प्रेक्षकाचं तिकीट ८७ पैशांचं. मग तीनशे डॉलरमध्ये नऊ वर्षं आठच जीबी मिळतात, यात नवल ते काय! २०२५ च्या अखेरीस तर एआयच्या मागणीने मेमरीचेच भाव असे चढले, की मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल हा मेमरीचा ब्रँड बंद करत असल्याचं डिसेंबरात जाहीर केलं.

म्हणून मला वाटतं, आपण निदान आंधळेपणाने घेऊ नये. रंग बघून नको, नाव बघून नको, मंचावरच्या आकड्यावरून तर मुळीच नको. आधी आपला पडदा बघा, मग आपला बोर्ड, मग मेमरी, आणि सगळ्यांत शेवटी तक्ता. दोन कार्डं जवळजवळ सारखी वाटली तर मागे पडलेल्याचं घ्या. उपकार म्हणून नव्हे. तो मैदानात टिकला तरच पुढच्या वेळी पहिल्याला किंमत कमी करावी लागेल. आणि पाच हजार वाचवायला आठ जीबीवालं घेणार असाल, तर थोडं थांबा, जुनं विका, पण सोळाच घ्या.

मला सप्टेंबरात ठाण्याला नोकरी लागली. पगार पूर्वीपेक्षा थोडा कमी, पण लागली. पहिला पगार झाला त्या दिवशी मी चिरंजीवांना म्हटलं, "चल, आता १४४ वाला मॉनिटर बघू." त्याने लगेच वही आणली, उभ्या-आडव्या रेघा मारल्या. शेवटचा रकाना मी आखू दिला नाही.